दुकानात शिरलो, आता जाब विचारू या

चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. पिशोरच्या आमच्या घरात पहिल्यांदा वॉशिंग मशीन आले. पत्नीने बचत गटातून पैसे उचलले, थोडे मी घातले आणि तालुक्याच्या एका दुकानातून रोख चौदा हजाराला मशीन आणले. दोन महिने बरे गेले. एक दिवस आतल्या ड्रमची कड उचकटली आणि धुवायला टाकलेले सगळे कपडे फाटून बाहेर आले. त्यात आईची आणि पत्नीची पांढरी साडी होती. बुद्ध पौर्णिमेला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला विहारात नेसून जायची, एरवी घडी घालून पेटीत ठेवायची अशी साडी. तिची बाजारातली किंमत कुणी विचारली तर सातशे-आठशे रुपये सांगता येईल. आईच्या लेखी तिची किंमत काय होती हे आपल्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

मी फाटक्या साड्या पिशवीत घालून दुकानात गेलो. दुकानदाराने पिशवीकडे पाहिलेही नाही. "कंपनीला फोन करा," म्हणाला. कंपनीला फोन केला तर तिकडून सांगितले, वापरण्यात चूक झाली असेल. पुन्हा दुकानात गेलो. या वेळी तो म्हणाला, "साड्या आधीच विरलेल्या असतील. आणि तुम्हा लोकांना मशीन वापरायची सवय नसते." बिल मागितले होते का, तर नाही. त्याने फाडून दिलेला कच्च्या बिलाचा कागद होता, त्यावर ना जीएसटी क्रमांक, ना मशीनचा क्रमांक. मी घरी परत आलो. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत घसा फोडून घोषणा देणारा, विहारात पोरांना संविधान समजावून सांगणारा मी, दुकानाच्या पायरीवरून मुकाट्याने खाली उतरलो. पुढे ग्राहक कायदा वाचला तेव्हा कळले की तक्रार करायला दोन वर्षांची मुदत असते. तोवर ती मुदत निघून गेली होती.

हा लेख मी दुकानदाराची तक्रार करण्यासाठी लिहीत नाही, माझ्या त्या मुकाट्याने उतरण्याबद्दल लिहीत आहे. कारण तसे उतरणारा मी एकटा नाही. वस्तीत कुणालाही विचारा. कुणाचा पंखा आठ दिवसांत जळाला, कुणाच्या नव्या कपाटाचे दार टेम्पोतून उतरवताना पोचले, कुणाच्या मोबाइलचा डबा उघडला तर आत आधीच वापरलेला मोबाइल निघाला. प्रत्येकाकडे एक गोष्ट आहे आणि प्रत्येक गोष्टीचा शेवट एकच आहे: "जाऊ द्या, कोण त्याच्या नादी लागणार?"

हे "जाऊ द्या" आपल्यात आले कुठून? दुकान आणि आपण यांच्या नात्याचा इतिहास आठवा. मुंबई सरकारने १९२८ साली अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. स्टार्ट समिती म्हणून ती ओळखली जाते. बाबासाहेब तिचे सदस्य होते. १९३० च्या तिच्या अहवालात सामाजिक बहिष्काराचे वर्णन आहे. अस्पृश्यांनी हक्क मागितला की गावच्या वाण्याला हुकूम सुटायचा, यांना जिन्नस विकू नको. म्हणजे दुकानदाराने आपल्याला माल दिला हेच उपकार, ही भावना पिढ्यान् पिढ्या आपल्या अंगात मुरवली गेली. बाहेर उभे राहायचे, वरून टाकलेले झेलायचे, माप कमी भरले तरी बोलायचे नाही. ज्याला दुकानात शिरण्याचीच परवानगी नव्हती, तो सडका माल परत करायला कसा जाईल?

बाबासाहेबांनी ही पायरी कायद्याने मोडली. संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये जात, धर्म, लिंग यांच्या कारणावरून कोणालाही दुकानात प्रवेश नाकारता येणार नाही असे लिहिलेले आहे. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या कलमावर चर्चा झाली तेव्हा सदस्यांनी शंका काढल्या की दुकान म्हणजे नेमके काय, त्यात धोब्याचे, न्हाव्याचे दुकान येते का, डॉक्टरचा दवाखाना येतो का? बाबासाहेबांचे उत्तर प्रत्येकाने वाचावे असे आहे. त्यांनी सांगितले की जो कोणी आपली सेवा मागायला येणाऱ्यांना द्यायला बसला आहे त्याची जागा म्हणजे दुकान, या व्यापक अर्थाने हा शब्द घातलेला आहे. आणि पुढे हेही स्पष्ट केले की प्रश्न नुसत्या आत येऊ देण्याचा नाही, अटी मान्य असतील तर सेवा मिळालीच पाहिजे असा त्याचा अर्थ आहे. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ साली आला. त्याच्या अडतीस वर्षे आधी बाबासाहेबांनी दुकानदाराचे कर्तव्य संविधान सभेत सांगून ठेवले होते.

१९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याने, ज्याला पुढे नागरी हक्क संरक्षण कायदा हे नाव मिळाले, अस्पृश्यतेच्या कारणावरून माल विकायला नकार देणे हा गुन्हा ठरवला. अॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ साली झालेल्या दुरुस्तीने सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार हाही अत्याचार ठरला. म्हणजे दुकानात जाण्याचा, माल मिळण्याचा हक्क आपण लढून मिळवला. पण पैसे मोजून घेतलेला माल खोटा निघाला तर मालकाला जाब विचारण्याचा जो हक्क आहे, तो आपण अजून हातात घेतलेला नाही. ग्राहक चळवळ महाराष्ट्रात १९७० च्या दशकात पुण्या-मुंबईत उभी राहिली. ती आपल्या वस्त्यांपर्यंत फारशी आली नाही, आणि आपणही तिला आपली मानली नाही.

आता कायदा काय देतो ते नीट पाहू. २० जुलै २०२० पासून जुन्या कायद्याच्या जागी ग्राहक संरक्षण कायदा २०१९ लागू झाला आहे. पूर्वी ज्याला आपण ग्राहक मंच म्हणायचो तो आता जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात चालते. ही रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. म्हणजे आपल्या घरात येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक वस्तूच्या तक्रारीला एक रुपयाही फी नाही. वकील लावलाच पाहिजे असे नाही, तक्रारदार स्वतः बोलू शकतो. आणि सर्वांत मोठी सोय म्हणजे तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगात तक्रार दाखल करता येते. पिशोरच्या माणसाने मुंबईच्या दुकानातून किंवा मोबाइलवरून वस्तू मागवली असली तरी त्याला मुंबईला जायचे कारण नाही, कंपनीने छत्रपती संभाजीनगरला (औरंगाबादला) यायचे आहे. ज्या शहरात बाबासाहेबांनी १९५० साली मिलिंद महाविद्यालय उभे केले, त्याच शहरात आपल्या जिल्ह्याचा आयोग बसतो. १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती या संकेतस्थळावरून घरबसल्या तक्रार दाखल करण्याची सोय झाली आहे. अर्ज केला तर दूरदृश्य प्रणालीने सुनावणीही मागता येते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहावा, काही तक्रारी तिथेच मिटतात.

फाटलेल्या साडीचे काय? जुन्या कायद्यातही नुकसानभरपाई होती, पण नव्या कायद्यात 'उत्पादन दायित्व' हे स्वतंत्र प्रकरणच आहे. सदोष वस्तूमुळे तुमच्या दुसऱ्या मालमत्तेचे नुकसान झाले तर त्याची भरपाई मागता येते. मशीन बिघडले म्हणून मशीनची किंमत, आणि मशीनने कपडे फाडले म्हणून कपड्यांची भरपाई, अशा या दोन वेगळ्या मागण्या आहेत. मला हे तेव्हा माहीत नव्हते. दुकानदार "कंपनीला विचारा" म्हणतो आणि कंपनी "दुकानदाराला विचारा" म्हणते, त्याचाही इलाज आहे. तक्रारीत दोघांनाही विरुद्ध पक्ष करायचे. कोणाची किती जबाबदारी हे आयोग ठरवील, आपण दोन दारांमध्ये हेलपाटे घालायचे नाहीत.

"एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" अशी पाटी दुकानात असते, बिलावर छापलेली असते. आपले लोक ती पाटी म्हणजे सरकारचा हुकूम समजतात. नव्या कायद्याप्रमाणे सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणे हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथाच आहे. तेव्हा "पक्के बिल पाहिजे असेल तर टॅक्स वेगळा लागेल" असे म्हणणारा दुकानदार आपल्यावर उपकार करत नाही, तो सरकारचाही कर बुडवतो आणि आपलाही पुरावा बुडवतो.

येथे शेतकरी बांधवांसाठी एक निकाल सांगितला पाहिजे. आपल्या कन्नड तालुक्यात कापूस, मका, अद्रक करणारे पुष्कळ अल्पभूधारक आहेत आणि बियाणे उगवले नाही की सारा हंगाम जातो. आंध्र प्रदेशातल्या शेतकऱ्यांनी सूर्यफुलाचे बियाणे घेतले, ते उगवले नाही. बियाणे आपल्या शेजारच्या जालन्याच्या महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनीचे होते. शेतकऱ्यांना भरपाई मंजूर झाली. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि म्हणाली, बियाण्याची प्रयोगशाळेत तपासणीच झालेली नाही. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचे म्हणणे फेटाळले. शेतकरी बियाणे पेरण्यासाठी घेतो, सगळे पेरून टाकतो, तपासणीसाठी मागे ठेवील कसा? पुढे २०१२ साली राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केले की बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे आणि बियाणे कायदा वेगळा असला तरी त्याला ग्राहक न्यायालयाचा दरवाजा बंद नाही. कोरडवाहू शेतकरी मोठ्या कंपनीशी लढून जिंकू शकतो हे यातून दिसते. मात्र त्याच्याजवळ बिल, रिकामी पिशवी, तिच्यावरचे लेबल आणि लॉट क्रमांक पाहिजे, आणि उगवण झाली नाही हे दिसताच पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज देऊन तालुका तक्रार समितीकडून पंचनामा करून घेतला पाहिजे. शिलाई मशीन, पिठाची गिरणी, रिक्षा अशा वस्तू स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेल्या असतील तर तो घेणाराही कायद्याने ग्राहकच ठरतो, हेही लक्षात ठेवावे.

कोणी म्हणेल, चळवळीपुढे एवढे मोठे प्रश्न आहेत. अत्याचार थांबत नाहीत, सरकारी नोकऱ्या संपत चालल्या, शिष्यवृत्त्या वेळेवर मिळत नाहीत, आणि हे साडी आणि वॉशिंग मशीन घेऊन बसले! त्यांना मी महाडची आठवण करून देतो. १९२७ च्या डिसेंबरमध्ये मनुस्मृती जाळली त्याच परिषदेत बाबासाहेब आपल्या आयाबहिणींशी साडीबद्दल बोलले. जात ओळखू येईल अशी गुडघ्यापर्यंतची नेसण सोडा, स्वच्छ नीटनेटके नेसा, असे सांगितले आणि बायकांनी लगेच नेसण बदलली. अंगावरच्या वस्त्राचा स्वाभिमानाशी काय संबंध असतो हे ज्या समाजाला त्याच्या बापाने शिकवले, त्या समाजाने साडी फाटली तर फाटली म्हणून गप्प बसावे काय?

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. लोक म्हणतात, आयोगात वर्षानुवर्षे निकाल लागत नाही. कायद्यात तीन महिन्यांत आणि वस्तूची तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल द्यावा असे लिहिलेले आहे, पण प्रत्यक्षात तसे होत नाही हे मान्य केले पाहिजे. देशभरातल्या आयोगांत अध्यक्ष आणि सदस्यांच्या जागा रिकाम्या राहिल्या म्हणून २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. गरिबाच्या न्यायाची खुर्ची रिकामी ठेवणे हाही सरकारचा एक कारभारच आहे आणि त्याविरुद्ध आवाज उठवणे हे चळवळीचे काम आहे. पण उशीर लागतो म्हणून दारच वाजवायचे नाही, हे आपल्या परंपरेला धरून नाही. चवदार तळ्याचा दावा सवर्णांनी १२ डिसेंबर १९२७ ला महाडच्या न्यायालयात दाखल केला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ ला लागला. सव्वानऊ वर्षे बाबासाहेबांनी तारखा मोजल्या, कागद सांभाळले, पुरावे दिले आणि जिंकले. पाण्यासाठी जो माणूस सव्वानऊ वर्षे न्यायालयात उभा राहिला, त्याच्या अनुयायाने दोन-तीन तारखांना कंटाळावे हे शोभत नाही. शिवाय आयोगाचा आदेश हा नुसता कागद नसतो. तो न पाळणाऱ्याला एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पंचवीस हजारांपासून एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

कायदेशीर मदतीची अडचण असेल तर विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ आहे. त्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींनाही १९९० च्या दुरुस्तीनंतर या सवलती आहेत. तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करावा लागतो. किती जणांनी तो केला आहे?

दोन सावधगिऱ्याही सांगितल्या पाहिजेत. पहिली अशी की मालाचा दोष आणि जातीचा अपमान या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. दुकानदाराने जातीवाचक शिवीगाळ केली तर त्यासाठी अॅट्रॉसिटीचा कायदा आहे आणि तो जरूर वापरावा. पण मशीन बिघडले म्हणून रागाच्या भरात भलताच कायदा पुढे केला तर दोन्ही लढाया कमजोर होतात आणि आपल्या विरोधकांना बोलायला जागा मिळते. दुसरी सावधगिरी अशी की वस्तू पोचवणारा, कपाट उचलणारा, मशीन बसवणारा पोरगा बहुतेक वेळा आपल्याच वस्तीतला असतो. त्याच्या हातून काही फुटले तर भांडण त्याच्याशी करू नये. जबाबदारी मालकाची आहे, तक्रार मालकाविरुद्ध करावी आणि त्या पोराच्या पगारातून पैसे कापले जात असतील तर त्याच्याही बाजूने उभे राहावे.

मग करायचे काय? वस्तू घेताना पक्के बिल मागायचे आणि मिळेपर्यंत दुकानातून हलायचे नाही. वॉरंटी कार्डावर शिक्का आणि तारीख घालून घ्यायची. पैसे फोनवरून दिले असतील तर त्याची नोंद जपायची. कच्चे बिलच हातात असेल तरी अशी नोंद, शिक्क्याचे कार्ड, दुकानदाराशी झालेले संदेश पुरावा म्हणून उपयोगी पडतात, तेव्हा माझ्यासारखे आधीच हरायचे नाही. नुकसान झाले की वस्तू टाकून देऊ नये, फोटो काढावेत आणि लगेच लेखी तक्रार रजिस्टर पोस्टाने पाठवावी. तोंडी बोलणे वाऱ्यावर जाते. पंधरा दिवस वाट पाहून आयोगाकडे जावे आणि दोन वर्षांची मुदत भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी. मुदत उलटली तरी सबळ कारण दाखवून उशीर माफ करण्याची विनंती करता येते, पण "मला माहीत नव्हते" हे कारण कुठेही फारसे चालत नाही. मी तेच कारण मनाशी घेऊन बसलो होतो.

आणि हे एकट्यादुकट्याने करण्यापेक्षा विहारातून करावे. २४ डिसेंबर १९८६ ला ग्राहक कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली म्हणून २४ डिसेंबर हा राष्ट्रीय ग्राहक दिन. दुसऱ्याच दिवशी, २५ डिसेंबरला, आपण मनुस्मृती दहन दिन आणि भारतीय स्त्री मुक्ती दिन पाळतो. आदल्या दिवशी प्रत्येक गावच्या विहारात एक टेबल टाकावे. वस्तीतल्या शिकलेल्या दोन मुलींनी आणि दोन मुलांनी बसून लोकांचे कागद पाहावेत, अर्ज लिहून द्यावेत, मोबाइलवरून तक्रार भरून द्यावी. पोरे स्पर्धा परीक्षेसाठी कलमे पाठ करतातच, ती कलमे शेजारच्या आजीच्या कामी येऊ द्या. भाषणांना वर्षभर दिवस आहेत, हा एक दिवस अर्ज लिहिण्याला द्यावा.

अनुच्छेद ३२ ला बाबासाहेबांनी संविधानाचा आत्मा म्हटले, कारण दाद मागण्याचा मार्ग नसेल तर हक्काला काही अर्थ उरत नाही हे त्यांना माहीत होते. त्याच विचाराची ही एक लहान वाट गावागावापर्यंत आलेली आहे. तिच्यावर चालायचे की नाही हे आपण ठरवायचे आहे. आईने ती फाटकी साडी फेकून दिलेली नाही. फाटका भाग कापून उरलेल्या तुकड्यात तिने ग्रंथ बांधून ठेवले आहेत. पुढच्या खेपेला आमच्या घरात काहीही विकत आले की ती सगळ्यात आधी विचारते, "बिल पक्के आणले का रे?"